हिर्डोशीचं औषध आणि नजीरभाईंची मान

नजीरभाई आतारांचा डावा गुडघा अठ्ठ्याण्णव सालच्या गणपती विसर्जनानंतर चौथ्या दिवशी, निगुडघरच्या पुढच्या चढाला, क्लच दाबताना पहिल्यांदा बोलला. त्या दिवशी तो नुसता हुंकारला. दुसऱ्या दिवशी कुरकुरला. आठवड्याभरात मात्र त्यानं दर गिअरला एक तक्रार या हिशेबानं भोर ते हिर्डोशी आणि हिर्डोशी ते भोर असं जे तोंड सोडलं, ते काही केल्या मिटेना. डाव्या गुडघ्याचं दुखणं मास्तराला परवडतं, तलाठ्याला परवडतं, दुकानदाराला तर ते गिऱ्हाइकाशी बोलायला विषय म्हणून उपयोगीच पडतं. एसटीच्या ड्रायव्हरला ते परवडत नाही. एका फेरीत क्लच किती वेळा दाबावा लागतो, हे नजीरभाईंनी एकदा मोजायला घेतलं. चौथ्या गावाला आकडा चुकला आणि गुडघ्याबरोबर डोकंही दुखायला लागलं.

आणि हे दुखणं यायला मुहूर्त कुठला निघाला म्हणता? येत्या सव्वीस जानेवारीला नजीरभाईंना स्टिअरिंगवर पंचवीस वर्षं पुरी होत होती. पंचवीस वर्षं आणि एकही अपघात नाही. अपघात म्हणजे काय, चाकाखाली कोंबडीसुद्धा नाही! अशा ड्रायव्हरचा डेपोत मांडव घालून सत्कार होतो. छातीला बिल्ला लावतात आणि बायकोलाही मंचावर बोलावून साडी देतात. खातूनभाभींनी त्या साडीचा रंग मनात मोरपंखी ठरवून टाकला होता, जणू साडी निवडणाऱ्या साहेबांनी त्यांना विचारलंच होतं. आता डेपोला गुडघ्याचा पत्ता लागला की मेडिकल होणार. मेडिकल झालं की ‘हलकं काम’ मिळणार, म्हणजे स्टँडवर टेबलामागं बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या. मग पंचविसाला चार महिने कमी आणि बिल्ला गेला गाढवाच्या मागं.

म्हणून नजीरभाईंनी ही गोष्ट फक्त दोघांना सांगितली. एक खातूनभाभी आणि दुसरा रखमाजी, त्यांचा अकरा वर्षांपासूनचा जोडीदार कंडक्टर. रखमाजीनं कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली आणि ती पाळण्यासाठी प्रत्येक प्रवाशाकडूनही तशीच शपथ घेतली.

त्यामुळे दुसऱ्याच दिवसापासून ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीला लोंबकळून सल्ले यायला लागले. एकानं रुईचं पान गरम करून बांधायला सांगितलं. दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढून एरंडाचं सांगितलं आणि दोघांचं शिरवळीपर्यंत भांडण झालं. एका म्हातारबांनी वांगं, बटाटा, हरभरा, दही आणि चिंता अशा पाच वस्तू वर्ज्य करायला सांगितल्या. नजीरभाईंनी पहिल्या चार त्याच दिवशी सोडल्या. घराशेजारचे निवृत्त गुरुजी तर स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊनच आले. तो त्यांनी खिडकीच्या उजेडाला धरला आणि पाऊण तास समजावून सांगितला. गुरुजी गेल्यावर नजीरभाईंच्या लक्षात आलं, की आपण आपल्या गुडघ्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.

“माणसाला स्वतःचं दुखणंसुद्धा लोक नीट भोगू देत नाहीत,” ते म्हणाले.

खातूनभाभींनी मात्र वाद न घालता सगळंच केलं. त्या रुईची पानं आणायला ओढ्यापर्यंत जायच्या, एरंडासाठी पलीकडच्या मळ्यात जायच्या, पहाटे पाचच्या ड्युटीआधी तीळतेल कोमट करून नवऱ्याच्या गुडघ्यापाशी फरशीवर बसायच्या. उठताना भिंतीला हात लावायच्या आणि “या अल्ला!” म्हणायच्या. नजीरभाईंना वाटायचं, बायको आपल्यासाठीच दुवा मागतेय.

ऑक्टोबर उजाडला, पण गुडघा काही हटेना. तेव्हा हिर्डोशीच्या लोकांनी शेवटचा उपाय काढला. कोंडिबा!

कोंडिबा हिर्डोशीचा हाडवैद्य. निखळलेला खांदा तो गप्पा मारता मारता बसवायचा. माणूस ओरडेपर्यंत काम झालेलं असायचं. नजीरभाईंची बस दुपारी हिर्डोशीला पोचून वीस मिनिटं थांबायची. त्या वेळात कोंडिबा स्वतः बसपाशी आला, पायरीवर बसला, विजारीवरूनच गुडघा चाचपला आणि डोळे मिटून म्हणाला, “हाड चांगलं हाय. वरची दोरी रुसलीया.”

(पुढं पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी याहून वेगळं काही सांगितलं नाही, हे इथंच नोंदवून ठेवतो. कोंडिबाचं निदान पक्कं होतं. भानगड झाली ती औषधाची.)

कोंडिबानं पळसाच्या पानात बांधलेली मुळीची पुडी पुढं केली आणि बजावलं, “नजीरभाई, पुडी हातात घेतली की घरचा उंबरा वलांडंपतुर बोलायचं न्हाई. कुनी हाक मारली तरी मागं वळून बघायचं न्हाई. बघितलं की औशीद मागंच राह्यलं म्हनून समजा.”

“एवढंच ना?” नजीरभाई म्हणाले आणि पुडी घेऊन खिशात घातली. जन्मात सगळ्यात घाईनं केलेलं काम कुठलं, असं त्यांना कुणी विचारलं, तर ते आजही हेच सांगतील.

कारण स्टिअरिंगवर बसल्यावर त्यांना आठवलं, की हिर्डोशीला रस्ता संपतो. बस वळवायची तर आधी शाळेच्या कुंपणापासून धोंडाबाईच्या गोठ्यापर्यंत रिव्हर्स घ्यावी लागते. आणि रिव्हर्स घ्यायची तर मागं बघावं लागतं.

नजीरभाईंनी रखमाजीकडं पाहिलं. रखमाजीनं त्यांच्याकडं पाहिलं. नजीरभाईंनी खिशाकडं बोट दाखवलं, मग ओठांवर ठेवलं, मग मागं दाखवलं. रखमाजीला सगळं समजलं आणि त्यानं ते लगेच मोठ्यांदा सगळ्या गाडीला समजावलं.

“मंग आरशात बघा की!” एक पोक्त शेतकरी म्हणाला.

“आरशात बघनं म्हंजी मागं बघनंच न्हवं का?” दुसऱ्यानं शंका काढली.

“कसं काय? मान तर म्होरंच ऱ्हातीया.”

“पन दिसतंय मागचंच न्हवं?”

यावर गाडीत दोन तट पडले. कोंडिबाला विचारावं तर तो पुडी देऊन डोंगराकडं निघून गेलेला. शेवटी नजीरभाईंनी पंचवीस वर्षांच्या सावध स्वभावाला जागून आरशातही बघायचं नाही असं ठरवलं. सावधपणानं माणसाचं इतकं वाटोळं क्वचितच झालं असेल.

रखमाजी शिट्टी घेऊन मागं उभा राहिला. तेवढंच झालं असतं तर निभावलं असतं. पण नजीरभाईंच्या औषधाला आपलाही हातभार लागावा म्हणून निम्मी गाडी खाली उतरली. एक म्हणाला, “येऊ द्या!” दुसरा म्हणाला, “डाव्या अंगाला घ्या!” तिसरा म्हणाला, “अवो डावं म्हंजी गाडीचं का आपलं?” रखमाजीची शिट्टी त्या गलबल्यात कुठंतरी वाजली. रोजचे नजीरभाई असते तर त्यांनी खिडकीतून मुंडकं काढून “गप ऱ्हावा रे सगळे!” अशी आरोळी दिली असती. आज त्यांनी ओठ गच्च मिटले, समोर शाळेच्या भिंतीवरच्या ‘मुलगी शिकली’कडं नजर लावली आणि गाडी मागं घेतली.

गाडी मऊ कशालातरी टेकली. आवाजसुद्धा झाला नाही. बंपरपर्यंत एसटी धोंडाबाईच्या उकिरड्यात गेली होती.

धोंडाबाई गोठ्यातून आली. तिनं बस पाहिली, उकिरडा पाहिला, आणि पुढं येऊन खिडकीतल्या नजीरभाईंना पाहिलं. पंधरा वर्षं या माणसानं तिचं भाताचं पोतं स्वतः टपावर चढवलं होतं. “काय झालं वो डायवर?” तिनं विचारलं. नजीरभाईंनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तोंडातून शब्द काढला नाही. “आरं द्येवा, वाचा गेली जनू!” म्हणून तिनं शेजारणीला हाक मारली. मग सगळ्या गावानं मिळून गाडी ढकलून बाहेर काढली.

भोरपर्यंत नजीरभाई घाम पुसत आणि गप्प बसून आले. गाडीच्या पाठीवर शेणाचा चांगला हातभर पट्टा होता. डेपोच्या फाटकातच नेमके नवीन आलेले वाहतूक निरीक्षक साहेब उभे. साहेब नियमांचे पक्के, आणि नवीन असल्यामुळे जरा जास्तच पक्के.

“ड्रायव्हर! मागं हे काय लागलंय?”

नजीरभाई गाडी लावून उतरले आणि पुढं चालत राहिले. घर डेपोपासून चार मिनिटांवर होतं. उंबरा दिसत होता म्हटलं तरी चालेल.

“अहो आतार, तुम्हालाच विचारतोय! मागं बघा!”

नजीरभाई थांबले, पण वळले नाहीत. साहेबांच्या आख्ख्या नोकरीत कुणी त्यांना असं पाठमोरं उत्तर दिलं नव्हतं. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला, तेव्हा रखमाजीनं जोडीदारासाठी जिवावर उदार होऊन तोंड उघडलं. गुडघा म्हणायचा नाही एवढं त्याच्या ध्यानात होतं. “साहेब, त्यांची मान धरलीया! वळतच न्हाई. आन दुखन्यानं बोलताबी येईना!”

या एका वाक्यानं नजीरभाईंना आणखी एक आजार चिकटला आणि तो सरकारी कागदावर गेला.

घरी पोचून उंबरा ओलांडल्यावर नजीरभाईंनी जो पहिला शब्द काढला तो इथं लिहिण्यासारखा नाही. मुळी उगाळून लेप लावला. लेप वाळला आणि काढताना गुडघ्यावरचे सगळे केस घेऊन गेला. गुडघा होता तसाच राहिला, फक्त गुळगुळीत झाला.

तिसऱ्या दिवशी साहेब पंचनाम्याला स्वतः हिर्डोशीला गेले. छापील अर्जात ‘वाहनाचे नुकसान’ पुढं त्यांनी ‘नाही’ लिहिलं, ‘इसमास इजा’ पुढं ‘नाही’ लिहिलं, आणि ‘मालमत्तेचे नुकसान’ पुढं पेन अडलं. उकिरडा ही मालमत्ता खरी, पण तिचं नुकसान कसं ठरवायचं? साहेबांनी टेप लावून उकिरडा मोजला. मग धोंडाबाईला विचारलं, “बाई, बस येण्याआधी हा केवढा होता?”

“ह्याच्याहून बारका,” धोंडाबाई शांतपणे म्हणाली. “त्या दिसापास्नं दोन पाट्या आनि टाकल्यात की.”

“म्हणजे बसच्या धडकेनं नुकसान काहीच नाही?”

“कसली धडक? डायवरनं गाडी हलकंच टेकीवली, आन काडली. तुमी कवा भिताडाला टेकून बसत न्हाई का?”

साहेबांनी बराच विचार केला आणि लिहिलं: ‘सदर घटना अपघात नसून वाहनाचा उकिरड्याशी किरकोळ स्पर्श आहे.’ नजीरभाईंना हे वाचून हायसं वाटणार, तोच खाली दुसरी ओळ दिसली: ‘तथापि चालकाची मान वळत नसल्याचे निदर्शनास आल्याने, अस्थिरोगतज्ज्ञाचा मानेबाबतचा दाखला आठ दिवसांत सादर करावा, अन्यथा विनाअपघात यादीतील नावाचा विचार होणार नाही.’

आता धडधाकट मान घेऊन डॉक्टरकडं जायचं आणि दुखरा गुडघा घरी ठेवता येत नाही म्हणून तोही बरोबर न्यायचा! नजीरभाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. “मी येते संगं,” खातूनभाभी म्हणाल्या. “तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा गप्प बसाल.”

हाडांच्या डॉक्टर रत्नाबाई दर सोमवारी पुण्याहून भोरला यायच्या. तिशीच्या, किडकिडीत, बोलायला तुरतुरीत. त्यांनी नजीरभाईंची मान डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली, खाली, वर. “उत्तम मान आहे. दाखला लगेच देते,” त्या म्हणाल्या. नजीरभाई पाखरासारखे हलके होऊन उठले आणि दाराकडं निघाले.

“थांबा. डावा पाय का वाचवताय?”

नजीरभाईंनी खातूनभाभींकडं पाहिलं. भाभींनी सगळं सांगून टाकलं. पुडी, उकिरडा, बिल्ला, साडीचा रंगसुद्धा.

रत्नाबाई हसून हसून खुर्चीत मागं रेलल्या, मग डोळे पुसून गंभीर झाल्या. “कुठं दुखतं, दाखवा.” नजीरभाईंनी गुडघ्याच्या वाटीखाली नेमकं एक बोट ठेवलं. त्यांनी तिथं दाबलं आणि नजीरभाई टेबलावरून वीतभर उडाले. “सांधा चांगला आहे. वाटीला धरून ठेवणारा हा पट्टा, टेंडन म्हणतात याला, तो ताणून सुजलाय. गणपतीच्या सुमारास गाडीत काही बदललं होतं? सीट? पेडल?”

“काही नाही, मॅडम.”

“गादी!” खातूनभाभी एकदम म्हणाल्या. “यांची कंबर दुखत होती म्हणून मी जुन्या गोधड्यांची गादी शिवून दिली. चांगली चार बोटं जाड.”

“म्हणजे सीट चार बोटं वर गेली, आणि क्लचपर्यंत पोचायला पाय दरवेळी ताणावा लागला. दिवसातून कित्येकशे वेळा.”

भाभींचा चेहरा खर्रकन उतरला. नजीरभाई घाईघाईनं म्हणाले, “गादीचा काही दोष नाही, मॅडम. गादी झकास आहे. माझा पायच आखूड.”

“पाय ठेवा, गादी काढा,” रत्नाबाई म्हणाल्या. “बर्फानं शेका, मी दाखवते तो व्यायाम करा, आणि दोन आठवडे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. लावलात तर मी स्वतः डेपोत येऊन गुडघ्याचंही लिहून देईन. गाडीत साठ माणसं असतात, आतारसाहेब.” नजीरभाईंनी मान खाली घातली. एवढ्या दिवसांत हे त्यांना कुणीच सुनावलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही नाही.

मग खातूनभाभी निघायला उठल्या. एक हात टेबलावर, एक हात मांडीवर, आणि “या अल्ला!” गुडघ्यातून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. तो नजीरभाईंना ऐकू आला.

“तुम्ही बसा,” रत्नाबाई म्हणाल्या. “तुमचं कुठं दुखतं?”

भाभींनी बोट नाही, अख्खा तळवा गुडघ्यावर ठेवला. “हे काय, असंच. सकाळी उठल्यावर जरा धरतं. चार-पाच वर्षं झाली.”

एक्स-रे काढला. रत्नाबाईंनी तो उजेडात धरून दोघांना दाखवला. दोन हाडांमध्ये जी फट हवी ती आतल्या बाजूला जवळजवळ मिटली होती. “ही झीज. गेलेलं परत येत नाही, पण दुखणं कमी करता येतं आणि पुढची झीज लांबवता येते. मांड्यांना ताकद आणायची, वजन थोडं उतरवायचं, फरशीवर उकिडवं बसणं बंद. यांच्या गुडघ्याला तेल तुम्हीच चोळता ना? कुठं बसून?”

“फरशीवर,” भाभी हळूच म्हणाल्या.

नजीरभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या एका बोटाच्या दुखण्यासाठी सगळा भोर तालुका राबला, आणि घरातलं अख्ख्या तळव्याचं दुखणं ओढ्यावरून आपल्यासाठी रुईची पानं आणत होतं. सबंध वाटेत ते काही बोलले नाहीत, आणि या वेळी कुणी पुडी दिलेली नव्हती.

साठलेली रजा होतीच. अर्जात कारण काय लिहावं म्हणून रखमाजीला विचारलं, तर त्यानं ‘घर रंगवणे’ लिहून टाकलं. त्यामुळे डेपोतली माणसं रंग बघायला यायला लागली आणि घर खरोखर रंगवावं लागलं. रंग रखमाजीनंच दिला, कारण शिक्षा कुणाला तरी व्हायला हवी होती. बर्फ भोरच्या बाजारात फक्त मासळीवाल्याकडं मिळायचा. नजीरभाई तो गुडघ्यावर धरून बसले की आळीतली तीन मांजरं दारात येऊन आशेनं बसायची.

आणि सकाळ-संध्याकाळ व्यायाम! खातूनभाभी खुर्चीत बसून पाय सरळ ताठ धरायच्या आणि दहापर्यंत मोजायच्या. नजीरभाई खिडकीचे गज धरून गुडघ्यात हळूहळू वाकायचे आणि हळूहळू उठायचे. शेजारच्या गुरुजींनी हे खिडकीतून पाहिलं आणि भाभी नवऱ्याला उठाबशा काढायला लावताहेत अशी त्यांची समजूत झाली. दोन दिवस ते नजीरभाईंशी फार मायेनं वागले. नजीरभाईंनी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उंच स्टूल आणून ठेवलं. भाकरीसाठी पीठ मळून थापायचं काम स्वतःकडं घेतलं. भाभींनी पहिली भाकरी पाहिली आणि नकाशावरचा कुठला देश आहे, असं विचारलं. घरात इतकं हसणं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

दोन आठवड्यांनी नजीरभाई गादीवाचून स्टिअरिंगवर बसले. डिसेंबरात क्लच दाबताना गुडघा मुकाट झाला. भाभींचा गुडघा काही नवा झाला नाही, पण सकाळी भिंतीचा आधार न घेता त्या उठायला लागल्या. पण यादी? ईद झाली, शिरखुर्मा डेपोत साहेबांच्या टेबलापर्यंत पोचला, तरी यादी लागेना. नजीरभाई रोज फलकापाशी जायचे आणि दुसरंच काही वाचतोय असं दाखवायचे. जानेवारीच्या बावीस तारखेला रखमाजी धावत आला. धापा टाकत त्याला बोलताच येईना, म्हणून त्यानं नजीरभाईंचा हात धरून त्यांना फलकापुढं उभं केलं. चौथ्या ओळीत नाव होतं. आतार नजीर, पंचवीस वर्षे, विनाअपघात. नजीरभाईंनी ती ओळ बोटानं दोनदा वाचली आणि भर स्टँडवर रखमाजीला मिठी मारली.

सव्वीस जानेवारीला डेपोत मांडव पडला. हिर्डोशीची पहिली गाडी खच्चून भरून आली. धोंडाबाई पुढच्या रांगेत बसली आणि साहेबांना टेपवाले साहेब म्हणून सगळ्यांना ओळख करून देऊ लागली.

“श्री. नजीर आतार व सौभाग्यवती!” पुकारा झाला.

मंचाला पाच पायऱ्या होत्या, लोखंडी, उभ्या. खातूनभाभी पहिल्या पायरीशी थांबल्या. एवढी माणसं बघत होती. त्यांनी पदर सावरला आणि नवऱ्याला कुजबुजल्या, “तुम्ही व्हा पुढं. मी खालीच थांबते. साडी काय, नंतरही देतील.”

“आधी चांगला पाय,” नजीरभाई म्हणाले आणि दंड पुढं केला.

भाभींनी दंड धरला. एक पायरी. थांबल्या. दुसरी. टाळ्या वाजून वाजून थकल्या आणि मांडव शांत झाला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. निवेदकाला वाटलं काहीतरी अडचण आहे, म्हणून त्यानं पुढच्या ड्रायव्हरचं नाव घ्यायला माईक तोंडाजवळ नेला.

नजीरभाई पायरीवरूनच निवेदकाकडं वळले. पंचवीस वर्षं वेळेवर गाडी नेणारा माणूस सगळ्या डेपोला ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाला, “घंटी देऊ नका, पॅसेंजर चढतंय!”